परसातली हॉप्सची वेल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, ता. ४ जून १९५०

प्रिय त्र्यंबक,

पत्र टपालाने न येता माणसाच्या हाती आलेलं पाहून तू चमकला असशील. तुझ्या दारात उभा आहे तो पिराजी, आमच्या तानाआत्याचा मुलगा. लष्करात जाण्याआधी तू त्याला पाहिलं होतंस. आता कानशिलं पांढरी झाली आहेत आणि फेब्रुवारीत तो पेन्शन घेऊन कायमचा परत आला. त्याला पाणी दे, बसायला सांग. त्याच्याजवळ एक लहान थैली आहे, ती मात्र पत्र संपेपर्यंत मागू नकोस. मी त्याला तशी ताकीद दिली आहे आणि तो फौजेतला माणूस आहे, पाळील. ताकीद का दिली ते शेवटी लिहितो. सभेत मी शेवटचं वाक्य आधी कधी उघड करत नाही हे तू अनेकदा चेष्टेने सांगितलं आहेस. आज तसला डाव नाही. आज ते वाक्य मला आधी लिहिताच येत नाही. सकाळपासून तीन कागद फाडले.

तेव्हा वेलीपासून सुरुवात करतो. गेल्या नोव्हेंबरात मला प्रमोदिनीचं पत्र आलं. ते तुला कळू नये असं तिने बजावलं होतं, आणि तिचं ते ऐकणं आता माझ्याने होत नाही. तिने लिहिलं होतं की दादा झोपत नाही. आजचं नाही, पुण्याला आल्यापासूनचं आहे. खुर्चीत बसून मुलांच्या वह्या तपासतो, सकाळी तांबड्या डोळ्यांनी शाळेत जातो, आणि विचारलं तर म्हणतो की मला झोप लागतच नाही असं नाही, मला झोपायला जावंसं वाटत नाही. दोन डॉक्टर झाले, पुड्या झाल्या. तिसऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हसत सांगितलं की विलायतेत अशा माणसाच्या उशीत हॉप्सची वाळलेली फुलं भरतात, पण ती इथे कुठली मिळायला. प्रमोदिनीने ते गंमत म्हणून लिहिलं होतं. मी गंमत म्हणून वाचलं नाही.

तुला हॉप्स म्हणजे काय हे सांगणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं झालं असतं, पण माझं काय झालं ते ऐक. वाचनालयात वनस्पतींवरचा एक जुना इंग्रजी ग्रंथ होता, त्याची पानंही कुणी कापलेली नव्हती. मी ती कापली आणि वाचलं, आणि ग्रंथ मिटून टेबलावर बसून राहिलो. भांगेच्या कुळातली वेल. हिच्या मादीच्या फुलांवर सगळ्या युरोपातली बिअर उभी आहे. आणि मी कोण? दारूबंदी मंडळाचा मुख्य वक्ता, जिल्ह्याच्या दर तालुक्यात ज्याने गुत्त्यांसमोर उभं राहून शिव्या खाल्ल्या आणि दोनदा दगड. एप्रिलपासून बंदी पुरी लागू होणार होती, आणि तिच्यासाठी घसा फोडलेल्या माणसाने परसात बिअरची वेल लावायची. मी हसलो नाही. मी पिराजीला काश्मीरला पत्र टाकलं.

कारण त्याच ग्रंथात होतं की मागे काश्मीरकडे हिची लागवड झाली होती. पिराजीने श्रीनगरजवळच्या एका कुंपणावर ती शोधली. बर्फात नुसत्या काटक्या उरल्या होत्या, पण त्यांना वाळकी फुलं लटकत होती, म्हणजे मादी वेल हे नक्की. त्याने संगिनीने मुळ्या खणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ट्रंकेत कपड्यांच्या खाली घातल्या, आणि सहा दिवसांच्या प्रवासात दर मोठ्या स्टेशनावर त्यांना पाणी पाजलं. डब्यातल्या एका शीख हवालदाराने विचारलं म्हणे, की मराठे मुलाबाळांसाठी आक्रोड नेतात की मुळ्या. चार तुकडे आणले, त्यातले दोन जगले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते परसात, विहिरीच्या कठड्याजवळ लावले. आणि वेल तानाआत्याने ताब्यात घेतली. तुला आठवतं, तिचं सारं आयुष्य हातकणंगल्याकडच्या पानमळ्यात गेलं. तिच्या लेखी जगात वेल एकच, पानाची, आणि ती कशी वाढवायची हे तिला पुस्तकाने सांगण्याची गरज नाही. तिने वर तट्ट्याची सावली केली, बुडाशी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, आणि कोंब हातभर होताच केळीच्या सोपटाने जागोजागी काठीला आवळून बांधला, पानवेलीला बांधतात तसा. आठ दिवसांत वेल पिवळी पडली. बांधलेल्या जागी तिची मान मुरगळलेली. मी ग्रंथातला उतारा मराठीत करून वाचून दाखवला, की हिला ऊन लागतं, हिला बांधायचं नसतं, नुसती दोरी दाखवायची असते. आत्या म्हणाली, “पुस्तकातली येल आन् मातीतली येल येकच आसती व्हय?” आणि बांधत राहिली.

तेव्हा मला तू आठवलास. राधानगरीच्या जंगलात, झाडपाला दाबून वाळवायची तुझी ती लाकडी दाबणी माझ्या पाठीवर, आणि तू गुडघ्यांवर बसून मला दाखवत होतास की बहुतेक वेली डाव्या अंगाने वळत चढतात, उजवीकडून चढणाऱ्या थोड्या. मी म्हणालो होतो, त्याने काय फरक पडतो. तू म्हणालास, उलटी गुंडाळून बघ, सकाळी स्वतःला सोडवून घेतलेली दिसेल. ही उजव्यांपैकी आहे, त्र्यंबक. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी चढते. ते कळल्यावर मी आत्याला म्हणालो, ही प्रदक्षिणा घालणारी वेल आहे, हिला खांबाला बांधून कशी ठेवतेस. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, विळा घेतला आणि सगळी बंधनं कापून टाकली. तट्टाही काढला. पुस्तकाने जे झालं नाही ते एका शब्दाने झालं, आणि तो शब्द मला तुझ्यामुळे सुचला.

त्यानंतर ती थांबली नाही. मी काथ्याच्या तीन दोऱ्या विहिरीच्या रहाटावरून गच्चीच्या कठड्यापर्यंत ताणल्या होत्या. एप्रिलमध्ये दिवसाला वीत-वीत चढायची. माझं काम एवढंच, की दर सकाळी सैरावैरा गेलेली टोकं दोरीपाशी आणून सोडायची आणि बुडाशी येणारे जास्तीचे कोंब खुडायचे. तिच्या खोडाला बारीक आकडे असतात. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबड्या रेघांनी भरून गेले आणि खाजू लागले. मी लांब बाह्यांचा सदरा घालायला लागलो.

शेजारपाजारच्यांना आत्याने परस्पर सांगून टाकलं होतं, काश्मिरी पान हाय म्हणून. पलीकडच्या चिमणाबाईंनी हट्टाने एक पान नेलं, चुना लावून तोंडात घातलं, आणि तासभर थुंकत कठड्यावर बसल्या. तरी दुसऱ्या दिवशी सांगत होत्या की थंड देशातलं असल्यामुळे आपल्या तोंडाला झेपत नाही. आम्ही तिघं हसलो. मार्चपासूनच्या दिवसांत घरात हसू आलं ते तेवढंच. मी दर दिवशी दोरी मोजत होतो आणि आभाळ बघत होतो. ग्रंथात फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात असं होतं. आपल्याकडे ऑगस्टात काय असतं ते तुला माहीत आहे, फूल वेलीवरच कुजेल. पावसाच्या आत फुलं आली तर आली, नाहीतर आणखी एक वर्ष. आणि प्रमोदिनीने मार्चच्या पत्रात लिहिलं होतं की दादा फळ्यावर लिहिता लिहिता अर्ध्या शब्दावर थांबतो.

मे लागला आणि पानांच्या बगलेत केसाळ, हिरवे ठिपके दिसले. आपल्याकडचा दिवस विलायतेच्या उन्हाळ्यातल्या दिवसाहून लहान, म्हणून तिने घाई केली असावी. हे खरं की नाही ते तूच सांगू शकशील. मी मात्र हर्षाने असा फुगलो की त्याच आठवड्यात गारगोटीच्या सभेत माझा तोल गेला.

चूक माझी, आणि ती माझ्यासारख्यालाच करता येते. सभा मोठी होती. शेतकरी, बाजारकरी, शाळेतले मास्तर, सगळे. मी बोलत होतो की दारू फक्त मोहाच्या फुलांतून आणि ताडीतून येत नाही, ती साहेबाच्या बाटलीतूनही येते. आणि लोक ऐकताहेत म्हटल्यावर वाचलेलं सांगण्याचा मोह मला आवरत नाही. मी हॉप्सचं वर्णन केलं. द्राक्षासारखं कातरलेलं पान, खरबरीत खोड, सुरूच्या फळाएवढं कागदी फूल, त्याच्या पाकळीच्या बुडाशी हळदीसारखी भुकटी. असं वर्णन केलं की बघितल्याशिवाय कुणाला करता येणार नाही. आणि वाक्य संपवताना नेहमीप्रमाणे उजवा हात फेकला. बाही मागे सरकली. पहिल्या रांगेत आमचे चिटणीस गणपतराव बसले होते. त्यांनी माझा हात बघितला, मग माझं तोंड बघितलं.

गणपतरावांना तू ओळखतोस, तालमीजवळचे. माणूस सरळ आहे, मंडळासाठी त्याने दुकान वाऱ्यावर सोडलं. दोन दिवसांनी ते सहज म्हणून आले आणि परसात जाऊन वेलीसमोर उभे राहिले. एक केसाळ बोंड चुरगाळून त्यांनी वास घेतला. म्हणाले, “मास्तर, ही तुमची गारगोटीची न्हवं?” मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही. ते म्हणाले, “मग कशापायी?” मी सांगितलं की औषधासाठी.  एप्रिलपासून गावातले पैसेवाले पिणारे डॉक्टरी दाखले काढून परवाने मिळवताहेत, आणि दर सभेत मी त्यांची नक्कल करतो. खोकत खोकत म्हणतो, औषध आहे हो, औषध. लोक पोट धरून हसतात. गणपतराव तेच सूर लावून हळूच म्हणाले, “औषध हाय हो, औषध.” आणि निघून गेले. त्र्यंबक, माझ्याच तोंडाने मी माझा दरवाजा बंद केला होता.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मंडळाची नऊ माणसं घेऊन ते परत आले. एकाच्या हातात कोयता होता. ऊन तापलेलं. तानाआत्या मागच्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. ही माणसं परसाच्या फरशीवर येताच ती उठलीही नाही, बसल्या जागेवरून म्हणाली, “पानमळ्यात पायताण घालून शिरतायसा? कुणाच्या घरचं हायसा रं तुमी?” गणपतराव म्हणाले की काकू, ही पानाची न्हाय, दारूची हाय. ती म्हणाली, “लावली मी, पाणी घातलं मी. म्या लावलेली येल म्हंजी पानमळा. पायताण काढा, मग काय तोडायचं ती तोडा.” आपल्याकडचा माणूस कितीही चिडलेला असला तरी पानमळ्यात पायताण घालून शिरत नाही. नऊच्या नऊ जणांनी वाकून पायताणं काढली आणि भिंतीशी ओळीने ठेवली. गणपतरावांनी सगळ्यांत शेवटी काढलं. मग फरशी पोळायला लागली. परसात गार जागा एकच, वेलीच्या बुडाशी नुकतं पाणी घातलेली माती. दहाही माणसं सरकत सरकत त्या चिखलात, वेलीला खेटून उभी राहिली. तोडायला आलेली माणसं तिच्या सावलीला उभी होती.

तिथून गणपतराव बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले की मास्तर, तुमच्यावर राग न्हाय, पण गावात बोभाटा झाला आहे, आणि उद्या गुत्तेवाले तोंडावर म्हणतील की तुमचा वक्ता घरात दारू लावतो. तेव्हा तुम्हीच कोयता घ्या, तुमच्या हातानं तोडा. “आन् चौकात नेऊन पेटवूया. समद्यांच्या म्होरं. म्हंजी बोलायला कुणाला जागाच ऱ्हायची न्हाय.”

कोयता माझ्यासमोर धरलेला होता. मागणी अगदी योग्य होती. मी चिटणीस असतो तर मीही तीच केली असती. पण चौक आणि पेटवणं हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि माझा हात पुढे होईना. मी म्हणालो, ही फुलं पिकेपर्यंत मला तीन आठवडे द्या. कुणासाठी, असं गणपतरावांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.  मग कोयतेवाला, तो वयाने लहान आहे, म्हणाला, “त्र्यंबकरावांस्नी झोप का न्हाय?” गणपतराव चटकन म्हणाले, “आरं, त्ये आता कशाला उकरतुयास.” पण प्रश्न विचारून झाला होता, आणि तो मला विचारला होता.

त्याला मी जे उत्तर दिलं ते आता तुला लिहितो. याच्यासाठी सकाळचे तीन कागद फाटले.

दोन वर्षांपूर्वी, दिल्लीच्या प्रार्थनासभेतल्या त्या गोळ्यांची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, चौकात मी बोललो. तू त्या वेळी घरात होतास, तू ऐकलं नाहीस, आणि तुला कुणी सांगितलं नाही. मी टेबलावर उभा होतो. मी रडत होतो, ते खोटं नव्हतं. समोर दोन-अडीच हजार माणूस होतं, तेही रडत होतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला मारा म्हणालो नाही, जाळा म्हणालो नाही. मी म्हणालो, हे विष कुठल्या घरांत शिजलं ते शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि वाक्य संपलं तसा हात फेकला. तो हात तुझ्या बोळाच्या तोंडाकडे गेला. पहिल्या रांगा वळल्या आणि हाताच्या दिशेने चालू लागल्या. मला वाटलं की लोक घरी चालले आहेत, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. तसं मला वाटलं नव्हतं. मला कळलं होतं. मी टेबलावर आणखी तीन वाक्यं बोललो, त्र्यंबक. त्यांच्या पाठी दिसत असताना, तीन वाक्यं. मग उतरलो आणि मागच्या गल्लीने धावलो.

तू मला मागच्या दारात बघितलंस आणि म्हणालास, तू आलास. मी तुला, आईंना आणि प्रमोदिनीला बाहेर काढलं, आमच्या घरी चार दिवस ठेवलं, दाराला पिराजीची जुनी काठी घेऊन बसलो. तुला पुन्हा त्या पेटलेल्या घरात जायचं होतं, त्या खोक्यांसाठी. वीस वर्षांत जमवलेली अकराशे झाडं, एकेक वाळवून कागदावर टाचलेली. मी तुझा दंड धरून ठेवला. याच हाताने. चार दिवसांत तू एकच वाक्य बोललास: वाळलेला कागद, फार वेळ लागला नसेल. त्यानंतर गेली दोन वर्षं एकतीस जानेवारीला तुझं पत्र येतं, की जोतीराम, तुझ्यामुळे आम्ही जिवंत आहोत, तू वेळेवर आलास. त्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल आणि तू ते माझ्या विनयावर घातलं असशील. मी वेळेवर आलो, कारण लोक कुठे गेले आहेत हे गावात मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

एवढं मी परसात, त्या दहा माणसांना, आवाज न चढवता सांगितलं. त्यांना काही नवीन नव्हतं. त्यातले चारजण त्या दिवशी चौकात होते, दोघं बोळापर्यंत गेलेले होते, आणि आम्ही सगळे दोन वर्षं दर शनिवारी मंडळात एका सतरंजीवर बसत होतो. सगळे खाली, चिखलातल्या आपापल्या पायांकडे बघत होते. गणपतराव शेवटी म्हणाले, “तवा समदीच गेलती, मास्तर. तुमी येकटं कशाला घेताय अंगावर?” मी म्हणालो, चालणारे पुष्कळ होते, हात एकच होता. कोयतेवाल्याने कोयता आत्याच्या सुपाशेजारी ठेवला आणि पाणी मागितलं. तो कोयता अजून आमच्या घरात आहे. गणपतराव मात्र तडक निघाले. जाताना म्हणाले की चार जूनच्या सभेपर्यंत थांबतो. मग वेल तरी जाईल, न्हायतर पुण्याला मीच एक कार्ड टाकतो, त्र्यंबकरावांस्नी कळू दे की औषध कुणाच्या हातचं हाय. रागात ते पायताण विसरून गेले. आत्याने दुपारी धुऊन, पुसून त्यांच्या घरी पोचवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी सभेला गेलो नाही. दोनदा वळीव चालून आला. एकदा गारा पडल्या, तेव्हा पिराजी आणि मी गच्चीवरून गोणपाटं धरून उभे राहिलो; त्याच्या पाठीवर वळ उठले आणि तो म्हणाला की काश्मिरातसुद्धा एवढ्या मोठ्या नव्हत्या. फुलं हिरवी, मग फिकट, मग कागदासारखी झाली. गुरुवारी एक चोळून बघितलं. कोरडी कुरकुर झाली आणि बोटांना पिवळी, चिकट भुकटी लागली. वास मला सांगता येत नाही, मी वक्ता असून. थोडा राळेचा, थोडा कांद्याचा, आणि पाठीमागे काहीतरी जड. आत्या म्हणाली, सुंगलं की डोळं मिटत्यात. दोन दिवस माळ्यावर सुपात, सावलीत वाळवली. पहिल्याच वर्षाची वेल, त्यातून आपली हवा. उशी भरण्याइतकी निघाली नाहीत. मूठभर निघाली. आत्याने आपल्या जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा कापून तिची थैली शिवली. वेल मी तोडलेली नाही. आज संध्याकाळी मंडळाची सभा आहे, आणि मी बोलणार आहे. दारूबंदीवरचा माझा विश्वास केसाइतका ढळलेला नाही, तेही सांगीन. पण आधी त्या दिवशीचं सांगीन, ज्यांनी ते ऐकलं त्यांच्याच समोर, त्याच चौकात, हात खाली ठेवून. मग त्यांनी वेलीचं आणि माझं काय करायचं ते करावं.

आता ताकीद. गणपतरावांचं कार्ड तुझ्या हाती पडण्याआधी हे पत्र पडावं म्हणून पिराजीला दुपारच्या गाडीने पाठवतो आहे, हे खरं. पण कार्डाची भीती नसती तरी ते मला पाठवावंच लागलं असतं. सोपी वाट होती. थैली गुपचूप प्रमोदिनीकडे पोचवायची, तिने ती तुझ्या उशीत घालायची, आणि कदाचित तू झोपला असतास. आत्याचंही तेच म्हणणं. काल थैलीला शेवटचा टाका घालताना तिने विचारलं, “खरं सांगून त्याची झोप आणतुयास का घालवतुयास?” मी दोरा तोडून थैली तिच्या हातून घेतली. मला एवढंच कळतं, की डोकं टेकवताना तुला माहीत असलं पाहिजे की उशीखाली कुणाच्या हातचं आहे. म्हणून पिराजीला सांगितलं आहे, की पत्र वाचून होईपर्यंत दारात बस. आपण होऊन थैली द्यायची नाही, आग्रह करायचा नाही, माझ्या वतीने एक शब्द बोलायचा नाही. त्र्यंबकने हात पुढे केला तर त्याच्या हातावर ठेव. नाही केला, तर नमस्कार कर आणि परत घेऊन ये. तो तुझ्या हाताकडे बघत असेल. त्याला फार वेळ बसवलंस तरी चालेल.

‘तुझाच’ हा शब्द आज मी लिहीत नाही. त्याची जागा मोकळी सोडली आहे.

जोतीराम